पासबुकातले ४३६ रुपये आणि बारा महिन्यांची कमाई

घरातला कर्ता गेला की बाराव्या-तेराव्यानंतर कुणीतरी, बहुधा दीर नाहीतर भाऊ, प्लास्टिकच्या पिशवीत कागद घालून विचारायला येतो. पिशवीत आधार कार्ड असतं, रेशन कार्ड असतं, इस्पितळाचे कागद असतात आणि तळाशी कोपरे दुमडलेलं पासबुक. गोव्यात सत्तरीत जा, डिचोलीत जा, पेडण्यात जा, पिशवी तीच. मी पहिल्यांदा पासबुक उघडतो आणि मे महिन्याचा शेवटचा आठवडा शोधतो. तिथे ४३६ रुपये कापल्याची नोंद दिसली की समोरच्याला म्हणतो, बस, चहा घे, यात दोन लाख आहेत.

हे ४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता. खातेदार कशानेही गेला तरी त्याने नाव दिलेल्या माणसाला दोन लाख मिळतात. शेजारी २० रुपयांची नोंद असेल तर ती सुरक्षा विम्याची. मृत्यू अपघाती असेल तर आणखी दोन लाख. खातं उघडताना खिडकीतून फॉर्म पुढे आलेला असतो, नवऱ्याने सही ठोकलेली असते आणि घरात कुणाला गंधवार्ता नसते. दावा करायचा तो बँकेत, आणि कुणी मागितल्याशिवाय तो कुणी देत नाही.

पासबुकापासून सुरुवात केली याला कारण आहे. गरीब घरातल्या विधवा आईला मदत करायची म्हटलं की आपल्याकडे शिलाई मशीन येतं. मंडप, पाहुणे, समई, मशीन, फोटो. सहा महिन्यांनी त्या घरी गेलात तर मशीनवर टॉवेल आणि टॉवेलवर मुलांची दप्तरं दिसतात. बाई आळशी असते असं नाही. वाड्यावर साठ घरं, त्यात आधीचीच चार मशिनं, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तयार नायटी शिलाईच्या मजुरीच्या आसपास मिळते. मग शिवून घेणार कोण?

मशीन वाईट नाही, ते फार लवकर येतं. त्याच्या आधी हक्काचं जे काही आहे ते हातात पडायला हवं. मग महिन्याला चुलीपुरता ठरलेला पैसा. त्यानंतर धंदा, तोही गिऱ्हाईक आधीपासून दारात आहे असा. आणि या सगळ्या काळात दोन वर्षं कुणीतरी तिच्या घरी येत-जात राहायला हवं. यातलं शेवटचं सगळ्यात स्वस्त, आणि गोव्यात नेमकं तेच मिळत नाही.

समजायला सोपं जावं म्हणून एक बाई डोळ्यांसमोर धरू. तिला वैनी म्हणू. वय चौतीस, थोरला पाचवीत, धाकटी पहिलीत. नवरा खनिजाच्या ट्रकवर होता. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा थोड्या चालल्या, २०१८ मध्ये परत थांबल्या. तेव्हापासून तो कुंडईच्या एका कारखान्यात कंत्राटी. घर सासऱ्यांनी भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत बांधलेलं. वैनी मी रचलेली आहे, पण तिच्यासारखी एकही ओळखीची नाही असा माणूस आमच्या भागात सापडायचा नाही.

कागदाला मुदत असते, दुःखाला नसते

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. माणूस इस्पितळात गेला तर तिथूनच नोंद होते. घरी गेला तर पंचायतीत जाऊन कुणीतरी सांगावं लागतं. मुदत टळली की विलंब शुल्क, परवानगी, प्रतिज्ञापत्र. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. आणि हा एक दाखला नसेल तर पुढचा एकही कागद हलत नाही. चांगल्या आठ-दहा प्रती काढून ठेवाव्यात.

इथेच रूढी आडवी येते. ‘वर्षभर बायलेन भायर सरचें न्हय’, बाईने वर्षभर बाहेर पडू नये, असं घरातली मोठी माणसं म्हणतात. वाईट हेतूने म्हणत नाहीत, पण त्या वर्षात मुदती टळतात, बँकेत दीर जातो, पंचायतीत दीर जातो, आणि सह्या कुठे झाल्या हे वैनीला ठाऊकच नसतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा बातम्या कुंकू-बांगड्यांच्या झाल्या. मला त्यातली खरी गोष्ट घराबाहेर पडण्याची वाटते. कुंकवाचं तिचं तिने ठरवावं. पंधराव्या दिवशी ती स्वतः बँकेच्या खिडकीपाशी उभी राहिली पाहिजे. (पुढच्या वर्षी महाराष्ट्रात विधवांना ‘गंगा भागीरथी’ म्हणावं असा प्रस्ताव आला आणि टीका झाली. नाव बदलून पासबुकात काही जमा होत नाही.)

नवरा कंत्राटी होता म्हणून काही मिळायचं नाही, हा दुसरा गैरसमज. कारखान्याने पीएफ कापला असेल तर जमलेली रक्कम तर मिळतेच, शिवाय पीएफला जोडलेला एक विमा असतो. सलग बारा महिने नोकरी झालेली असेल तर त्यात किमान अडीच लाख आणि कमाल सात लाख मिळतात. वर विधवेला पेन्शन, महिन्याला किमान १,००० रुपये. कंत्राटदार ‘बघू, करू’ म्हणतो. पगाराच्या पावतीवरचा बारा आकडी यूएएन नंबर सापडला की त्याच्या ‘बघू’ची गरज उरत नाही. पावतीही नसेल तर नवऱ्याच्या मोबाइलमधले जुने मेसेज चाळावेत, पीएफ जमा झाल्याचा मेसेज तिथे सापडतो. म्हणून नवऱ्याचं सिमकार्ड निदान वर्षभर बंद करू नये. ही सूचना कुठल्याही सरकारी पत्रकात नसते, पण कामाची आहे.

दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर केंद्राच्या राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० मिळतात. आणि फारच थोड्यांना माहीत असलेली एक गोष्ट: केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालकल्याण योजनेतलं बाल प्रायोजकत्व. वडील नसलेलं मूल आईकडेच राहतं, शाळेत जातं, आणि महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात. उत्पन्नाची अट आहे, गावात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,००० पर्यंत. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. पोरांना वसतिगृहात टाकण्याचा विचार करणाऱ्या आईला हे आधी सांगायला हवं.

आता घर. गोव्यातल्या बाईकडे महाराष्ट्रातल्या बाईपेक्षा हुकमाचा एक पत्ता जास्त असतो आणि बहुतेकींना तो हातात असल्याचं कळत नाही. इथे पोर्तुगीज काळापासूनची दिवाणी संहिता चालत आली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र मानली जाते आणि दोघांचा निम्मा-निम्मा हक्क. म्हणजे नवरा गेल्यावर निम्मं ‘मिळतं’ असं नव्हे, ते पहिल्यापासून तिचंच असतं. त्याचा उरलेला निम्मा वाटा मुलांमध्ये सारखा वाटला जातो, मुलगा-मुलगी भेद नाही. वाटणीच्या या प्रक्रियेला इथे सगळे इन्व्हेंटरीच म्हणतात. २०१२ चा गोवा उत्तराधिकार कायदा डिसेंबर २०१६ पासून लागू झाला; इन्व्हेंटरी आता त्याप्रमाणे चालते. मालमत्ता सांभाळून तिचा हिशेब देण्याचा पहिला मान जिवंत राहिलेल्या जोडीदाराचा, दिराचा नव्हे.

पण यात खाच आहे. एकत्र म्हणजे कर्जही एकत्र, संसारासाठी काढलेलं कर्ज सामायिक मालमत्तेतून फेडावं लागतं. त्यामुळे सावकार किंवा कुणी ओळखीचा ‘भावानं घेतलेले, इथं फक्त सही कर’ म्हणत आला, तर सही करण्याआधी कायदेशीर सल्ला घ्यावा. नवीन सही म्हणजे नवऱ्याचं कर्ज तिच्या एकटीच्या गळ्यात. हा सल्ला फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जायचं.

वैनीचं घर भाटकाराच्या जागेत, म्हणून मुंडकारीचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या हक्काचा, प्रश्न येतो. १९७५ च्या मुंडकार कायद्याने राहत्या घरातून काढण्याला आळा घातला आणि तो हक्क वारसांकडे येतो. मामलेदाराच्या मुंडकार नोंदवहीत सासऱ्यांचं नाव आहे का, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर काय लिहिलंय, हे काढून ठेवावं. घरावर डोळा असलेले आधी येतात, मदत करणारे नंतर.

कर्नाटकातून, महाराष्ट्रातून कामाला आलेल्यांची गत वेगळी. लग्न तिकडे, नोंद तिकडे किंवा कुठेच नाही. त्यांना गोव्याची संहिता सहसा लागू होत नाही. हिंदू कुटुंब असेल तर १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलं आणि सासूबरोबर समान वाटा. आणि विधवांना महिन्याला पैसे देणाऱ्या राज्याच्या दयानंद योजनेला गोव्यात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. वास्कोच्या किंवा फोंड्याच्या वस्तीत बारा वर्षं राहिलेली बाई त्यामुळे बाहेर पडते. तिच्यासाठी वरची केंद्राची दारं तरी ठोठावायला हवीत.

तळ

दयानंद सामाजिक सुरक्षा योजना गोव्यात घराघरांत ठाऊक आहे. नाव पहिल्या मुख्यमंत्र्यांचं, भाऊसाहेब बांदोडकरांचं. २०२४ मधल्या बदलानंतर २१ वर्षांखालचं मूल असलेल्या विधवेला यातून महिन्याला ४,००० रुपये मिळतात. पूर्वी नवरा असताना राज्याच्या गृह आधार योजनेचे १,५०० येत असत, ते नवरा गेल्यावर बंद करून दयानंदचा नवा अर्ज करायचा, दोन खिडक्या, दोनदा तेच कागद. आता एकाच ठिकाणी. दरवर्षी हयातीचा दाखला मात्र चुकवायचा नाही. धाकटं मूल २१ चं झालं की रक्कम उतरते.

चार हजारांत घर चालत नाही, खरंय. पण या पैशाकडे बघण्याची एक वेगळी रीत आहे, तीही अनुभवातून आलेली.

बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने २००२ च्या सुमाराला एक प्रयोग सुरू केला. अगदी तळातल्या बायकांना, त्यात विधवा आणि टाकलेल्या पुष्कळ, बचत गटात घेऊन भागत नव्हतं. त्यांच्याकडे गटात भरायला आठवड्याचे पैसेच नसत. म्हणून त्यांनी एकदम पाच-सहा गोष्टी दिल्या: शेळ्या, गाय किंवा छोट्या दुकानाचा माल यांतलं एक, काही महिने दर आठवड्याला खर्चापुरते थोडे पैसे, शिकवणी, बचतीची सवय, आणि दर आठवड्याला घरी येणारा एक कार्यकर्ता, दीड-दोन वर्षं. पश्चिम बंगालमध्ये बंधन या संस्थेने हेच केलं. २०१५ मध्ये भारतासह सहा देशांतल्या दहा हजारांवर कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध झाली, अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्यात होते. मदत थांबून वर्ष झाल्यावरही घरातलं खाणं, जनावरं, बचत हे सगळं मदत न मिळालेल्यांपेक्षा बरं होतं. बंगालातल्या बायकांचा फायदा तर दहा वर्षांनीही टिकलेला दिसला. होंडुरासमध्ये मात्र कोंबड्या दिल्या होत्या, त्या रोगाने मेल्या आणि गणित फसलं. बिहारने २०१८ पासून सतत जीविकोपार्जन या नावाने हीच पद्धत सरकारी पातळीवर आणली.

आठवड्याचे ते थोडे पैसे कशाला, शेळी दिलीच आहे ना? शेळी विकून खाऊ नये म्हणून. धाकटीला ताप आला, घरात शंभर रुपये नाहीत, तर पहिली विकली जाते ती शेळी. आपल्याकडे शेळीच्या जागी मशीन असतं किंवा नवऱ्याच्या विम्याचे दोन लाख. म्हणजे दयानंदचे चार हजार हे धंद्याचं कुंपण आहे. आजारपणासाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असतं, २०१६ पासूनचं. तीन माणसांपर्यंतच्या घराला वर्षाला अडीच लाखांपर्यंत उपचार. नवऱ्याच्या नावावरचं कार्ड असेल तर ते लगेच बदलून घ्यायचं. धंदा बुडवण्यात मंदीपेक्षा इस्पितळाचा हात मोठा असतो.

विम्याचे पैसे आले की पाहुणे येतात. कुणाला गाडी घ्यायची असते, कुणाला व्याजाने देतो म्हणायचं असतं, घरच्यांना वर्षश्राद्ध दणक्यात करायचं असतं. माझं मत सरळ आहे: पहिलं वर्ष त्या पैशाला हात लावू नये. बँकेत किंवा पोस्टात मुदत ठेव, वैनीच्या एकटीच्या नावावर. ‘अडकवून ठेवलेत’ म्हटलं की मागणारे निम्मे होतात. धंदासुद्धा त्यातून लगेच सुरू करू नये, कारण पहिला धंदा बहुधा चुकतो.

वैनीचे साडेतीन तास

आता धंदा. इथे बहुतेक सल्लागार ‘तुला काय येतं?’ असं विचारतात. मी आधी विचारतो, ‘तुला वेळ कधी असतो?’

गोव्यात बऱ्याच शाळा सकाळी भरून दुपारी एक-दीडला सुटतात. मुलं बसमध्ये बसली की नऊ ते साडेबारा हा वैनीचा मोकळा वेळ, आणि पहाटे साडेचार ते सात. कळंगुटच्या हॉटेलात जायचं तर दोन बस बदलायच्या, संध्याकाळी शेवटची कदंबा चुकली की झालं. सासू घरात असेल आणि धडधाकट असेल तर पिसुर्लेच्या वसाहतीतली किंवा काजूच्या कारखान्यातली नोकरी उत्तम, ती मिळत असेल तर धंद्याच्या भानगडीत पडूच नये. पगार, पीएफ, ईएसआय. याची बरोबरी घरगुती धंदा सहसा करत नाही. हे उद्योजकतेवर भाषणं देणाऱ्यांना आवडत नाही.

सासू नसेल तर? मग पहाटेचे अडीच तास विकायचे. गावाच्या तिठ्यावर दोन चहावाले आहेत, त्यांना चपाती-भाजीसाठी चपात्या लागतात. उदाहरणापुरता हिशेब मांडू. शंभर चपात्या, सहा रुपयांनी दिल्या तर ६००. पीठ, तेल, गॅस मिळून ३००. उरले ३००. महिन्याचे २४ दिवस धरले तर ७,२००. दयानंदचे चार हजार धरून ११,२००. श्रीमंती नाही, पण रेशनच्या तांदळावर तिघांचं भागतं आणि हे पैसे रोजच्या रोज मिळतात. शंभर चपात्या म्हणजे उजवा खांदा आणि कंबर, हे मात्र हिशेबात येत नाही. पहिल्या महिन्यात ती पन्नासच करणार, त्यातल्या दहा करपणार. आठवड्याला कुणीतरी येऊन वही बघायला हवं ते याच दिवसांत: चहावाल्याने उधारी ठेवली का, पीठ दुकानातून सुटं घेतलं की गिरणीतून, मुलांनी खाल्लेल्या चपात्या कुठे लिहिल्या. अन्नाचा धंदा म्हणून एफएसएसएआयची साधी नोंदणी लागते, वर्षाला शंभर रुपये, उलाढाल १२ लाखांच्या आत असली की पुरे. मध्यस्थ हजार-दोन हजार सांगतो, तो नुसता फॉर्म भरण्याचे.

दुसरं बांधलेलं गिऱ्हाईक म्हणजे शाळा. गोव्यात माध्यान्ह आहाराची पातळ भाजी पुष्कळ ठिकाणी महिलांचे स्वयंसाहाय्य गट शिजवतात. काम सकाळचं, गावातलं, सुट्ट्या मुलांबरोबरच. फक्त बिल महिन्याच्या महिन्याला येईलच असा भरवसा ठेवून गटात शिरू नये. दोन-तीन महिन्यांच्या कांद्या-बटाट्याचे पैसे आधी स्वतःचे घालायची तयारी गटाकडे हवी.

यावर हंगामाची कमाई चढवायची. गोव्यातलं वर्ष सरळ चालत नाही. ऑक्टोबर ते मे पर्यटक आणि जत्रा, मार्चपासून काजू, एप्रिल-मेमध्ये पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याचं सामान भरून ठेवण्याची, घाई, जून-जुलै ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद, श्रावणात तायकिळो-तेरें या रानभाज्या, मग चवथ म्हणजे गणेश चतुर्थी. चवथीच्या आधी साखळीच्या आणि म्हापशाच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताचं, सामान घेऊन बसलेल्या बायका बघा: कांगलां, आंबाडे, सुपाऱ्यांचे शिपटे. रानातून आणलेलं, भांडवल शून्य, तीन दिवसांत हातात चांगले पैसे. पण तीनच दिवस. बारा महिन्यांची कमाई हवी तर रोजचं एक आणि हंगामी दोन असं लावावं लागतं. एकट्या हंगामावर उभं राहिलेलं घर जुलैमध्ये कर्ज काढतं.

भांडवल म्हणजे काय हे समजावायला मी सोलांचं, म्हणजे आमसुलांचं, उदाहरण देतो. मे महिन्यात भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात. फळ फोडायचं, गर-बिया वेगळ्या करून त्याच्या रसात मीठ घालायचं, त्यात साल बुडवून उन्हात घालायची. संध्याकाळी परत रसात, सकाळी परत उन्हात, चार-पाच वेळा, साल काळीभोर आणि चामड्यासारखी होईपर्यंत. हात आठवडाभर जांभळे राहतात. पाऊस यायच्या आत हे उरकायचं. समजा वैनीने वीस किलो सोलं केली. मेमध्ये सगळ्यांचीच तयार असतात, दुकानदार किलोला १५० देतो: ३,०००. तीच डब्यात कोरडी ठेवली आणि चवथीच्या तोंडावर २५० ने विकली: ५,०००. दोन हजार रुपये कशाचे? कष्टाचे नव्हेत, कष्ट दोन्हीकडे सारखेच. थांबण्याचे. वैनी थांबू शकत नाही, कारण छपरावर प्लास्टिक घालायचंय, छत्र्या घ्यायच्यात, पावसाळ्याचं सामान भरायचंय. दुकानदार थांबू शकतो, म्हणून ते दोन हजार त्याचे. तीन महिने थांबायला लागणारा पैसा म्हणजे खेळतं भांडवल. मशीन देणारे खूप, थांबायला पैसे देणारा कुणी नाही.

थांबायला पैसे कुठून

इथे बचत गट कामाचा. बारा बायका, आठवड्याला पन्नास रुपये: वर्षात ३१,२०० जमतात आणि ते गटातच कर्जाऊ फिरतात. वैनी मेमध्ये गटाकडून तीन हजार घेते, सोलं ठेवते, सप्टेंबरमध्ये फेडते. नाबार्डने १९९२ मध्ये देशभरात ५०० गट बँकांना जोडण्यापासून सुरुवात केली होती. आज नियमाने चालणाऱ्या गटाला वीस लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं. नियम पाचच सांगतात: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि वही. सगळे गट पहिल्या चारांबद्दल बोलतात आणि पाचव्यावर मोडतात. वही एकीच्याच घरी, हिशेब एकीच्याच डोक्यात. वैनीला गटात घ्यायचं तर पहिले सहा महिने तिच्याकडे वही लिहायला द्यावी. तिला हिशेब येतो, आणि गटात ती बिचारी म्हणून बसत नाही.

दारावर येणारं मायक्रोफायनान्सचं कर्ज वेगळं. पाच जणी एकमेकींना जामीन, आठवड्याचा हप्ता, दर ठरलेल्या वारी वसुलीची बाई दारात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मी तर चौथ्या हिश्श्यावर थांबावं म्हणेन. आणि व्याज ‘फ्लॅट’ आहे का, हे विचारावं. दहा हजार, बारा टक्के फ्लॅट, एक वर्ष: महिन्याला ९३३ रुपये. ऐकायला बरं. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण दहा हजारांवर लागतं. खरा दर २१ टक्क्यांवर जातो. हप्त्याच्या कर्जातून चपात्यांचं पीठ आणावं, सोलं ठेवू नयेत. पीठ उद्या पैसे देतं, सोलं तीन महिन्यांनी.

यातली गोम मराठी बायकांनी फार पूर्वी ओळखली होती. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचं. कामगार महिनाभर जेवत आणि पगाराला पैसे देत. मधले तीस दिवस किराणा सावकाराच्या व्याजावर यायचा. बायका राबत होत्याच, गिऱ्हाईकही होतं, खात होतं ते मधल्या तीस दिवसांचं व्याज. त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून देणं हे मंडळाचं पहिलं मोठं काम. लिज्जतची गोष्ट त्याच्याही आधीची: १९५९, गिरगाव, सात जणी, ८० रुपये उसने. तिथली युक्ती पापडाच्या चवीइतकीच व्यवस्थेत आहे. पीठ केंद्रावर मळलेलं मिळतं, बाई घरी नेऊन लाटते, पापड देते आणि मजुरी घेते. माल आणण्याची, विकण्याची, थांबण्याची जोखीम संस्थेची. बाईच्या वाट्याला फक्त तिचे मोकळे तास. खोल्याची मिरची, काजू, खाजें, बेबिंका यांना भौगोलिक मानांकन मिळून झालं. त्यांच्याभोवती असं एखादं केंद्र गावोगाव का उभं राहू नये, जिथे वैनी सकाळी मिरच्या नेईल, देठं काढून दुपारी देईल आणि पैसे घेऊन घरी जाईल? मानांकनाचा लोगो पाकिटावर येतो, देठं काढणारीच्या मजुरीत त्याचं काही उतरत नाही.

मग तो आठवड्याला येणारा माणूस कुठून आणायचा? गोव्यात २०२० पासून ‘स्वयंपूर्ण मित्र’ पंचायतींत फिरतात, अंगणवाडी सेविका आहेत, गटांच्या संघातल्या बायका आहेत. योजना सांगणारे आहेत, हे नाकारत नाही. योजना एकदा सांगून होते. वही शंभर वेळा बघावी लागते. माझ्या मते हे काम दोन-चार वर्षांपूर्वी याच वाटेने गेलेल्या दुसऱ्या विधवा बाईला द्यावं, मानधन देऊन. मामलेदाराच्या कचेरीत कुठल्या टेबलाशी किती वेळ उभं राहावं लागतं, चवथीला बाजारात बसल्यावर कोण काय बोलतं, हे तिला सांगावं लागत नाही.

आणि आता वैनीचं स्वतःचं पासबुक. नवऱ्याच्या पासबुकात तो ४३६ सापडला नाही तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: त्या आठवड्यात खात्यात पैसेच नव्हते, हप्ता कापला गेला नाही आणि विमा ३१ मेला संपला. हप्ते कापले जातात ते २५ ते ३१ मेच्या दरम्यान. नेमके तेच दिवस पुरुमेंताचे, मिरच्या-खारं-चिंच भरायचे, खातं रिकामं व्हायचे. ५० वर्षांच्या आतल्या बाईला दोन्ही विमे घेता येतात. ४३६ अधिक २०, एकूण ४५६ रुपये. वैनीच्या खात्यात त्या आठवड्यात ते असायला हवेत, आणि फॉर्मवर वारस म्हणून दिराऐवजी मुलांची नावं.